दुसऱ्या श्रेणीतला राइट बॅक

माइन्झ हे ऱ्हाइनकाठचं शहर जर्मनीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे युरोपला छापखाना देणारा गुटेनबर्ग आणि दुसरी, ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वी तिथे भरणारा कार्निव्हल. 2001 च्या फेब्रुवारीत गावात सोंगं, मिरवणुका आणि मद्याला ऊत आलेला असताना माइन्झ 05 हा तिथला फुटबॉल संघ मात्र या गोंगाटापासून दूर, बाड क्रॉयत्सनाख नावाच्या जवळच्या गावी नेऊन ठेवला होता. संघ जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि तिथूनही खाली घसरायच्या बेतात होता. प्रशिक्षक एकहार्ड क्राउत्सुन यांना नुकतंच काढलेलं. नवा नावाजलेला माणूस आणण्याइतका पैसा क्लबकडे नव्हता आणि वेळ तर त्याहून नव्हता. क्लबचा कारभार पाहणारा क्रिश्चियन हायडेल हा पेशाने मोटारविक्रेता. त्याने संघातल्याच एका 33 वर्षांच्या राइट बॅकला विचारलं आणि तो तयार झाला. कार्निव्हल आटोपल्यानंतरच्या बुधवारी, 28 फेब्रुवारीला, ड्युइसबुर्गविरुद्धचा सामना माइन्झने 1-0 असा जिंकला. कालपर्यंत सोबत पळणारा गडी आज रेषेबाहेर उभा राहून सूचना देत होता. त्याचं नाव युर्गन क्लॉप.

पुढची गोष्ट फुटबॉल न पाहणाऱ्यांच्याही कानावर गेली असेल. डॉर्टमुंडला 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षं जर्मनीचं विजेतेपद, लिव्हरपूलला 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग, आणि 2020 मध्ये त्याच लिव्हरपूलला तीस वर्षांनी इंग्लंडची लीग. पण खेळाडू म्हणून त्याचा हिशेब मांडला तर हाती काय लागतं? माइन्झसाठी लीगमध्ये 325 सामने, 52 गोल, आणि हे सगळं दुसऱ्या श्रेणीत. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीत, खेळाडू म्हणून त्याच्या नावावर एक मिनिटही नाही. आपले पाय चौथ्या श्रेणीचे, डोकं पहिल्या श्रेणीचं, म्हणून सरासरी दुसऱ्या श्रेणीची निघाली, असा विनोद तो स्वतःच करत आला आहे. त्यामुळे त्याच्यावर लिहिणारे बहुधा एकाच वाक्याच्या आधाराने पुढे जातात: खेळाडू बेताचा होता, तरीही प्रशिक्षक थोर निघाला. या वाक्यातल्या ‘तरीही’ या शब्दाशी माझं भांडण आहे. क्लॉपचं प्रशिक्षकपण त्याच्या बेताच्या खेळातूनच उगवलं, आणि तेही विशेषतः बचावपटू म्हणून एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट गुरूच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांतून, असं मला वाटतं. ते पटवायचं तर आधी त्याच्या खेळाकडे जरा सावकाश पाहावं लागेल. तिथे सहसा कोणी थांबत नाही.

क्लॉपचा जन्म 1967 मध्ये श्टुटगार्टचा आणि बालपण ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या ग्लाटन या गावातलं. हौशी आणि खालच्या श्रेणीतले क्लब करत करत तो 1990 मध्ये माइन्झला आला तो आघाडीपटू म्हणून. उंच, काटक, डोक्याने चेंडू मारण्यात तरबेज आणि पळण्याला न कंटाळणारा. 1991 मध्ये एअरफुर्टविरुद्धच्या एका सामन्यात त्याने एकट्याने चार गोल केले. पण आघाडीवर टिकायला जे लागतं, चेंडू पायाला चिकटवून ठेवणं, दोघांच्या गराड्यात वळणं, अर्ध्या सेकंदात नेमका फटका मारणं, ते त्याच्याकडे नव्हतं आणि हे त्याच्याइतकं कोणालाच स्पष्ट दिसत नव्हतं. याच काळात तो फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकत होता. 1995 मध्ये त्याने पदविका घेतली, आणि प्रबंधाचा विषय होता चालणं: व्यायाम म्हणून चालण्याचा सर्वांसाठीचा खेळ. (पुढे जगाला धावून धावून दमवणाऱ्या माणसाने चालण्यावर प्रबंध लिहावा, यातली गंमत सोडवत नाही.) त्याच वर्षी त्याला आघाडीवरून मागे, बचावफळीत खेचण्यात आलं. गोल करणाऱ्याला गोल अडवायला लावणं ही वरवर पाहता पदावनतीच. क्लॉपच्या बाबतीत ती शाळाप्रवेश ठरली, कारण नेमक्या त्याच वर्षी माइन्झमध्ये बचाव म्हणजे काय याचीच व्याख्या बदलणार होती.

ही व्याख्या काय होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जर्मन फुटबॉलमध्ये तेव्हा बचावाची पद्धत ठरलेली होती. समोरच्या प्रत्येक आघाडीपटूला एकेक बचावपटू वाटून द्यायचा आणि त्याने सावलीसारखं त्याच्या मागे फिरायचं. तो पाणी प्यायला गेला तर आपणही जायचं, असा प्रकार. या सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवायचा, ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही, पण इतरांची चूक झाली की सावरण्याची सगळी जबाबदारी त्याचीच. त्याला ‘लिबेरो’ म्हणत. फ्रांझ बेकनबाउरने या जागेला राजेपण दिलं. मागून चेंडू घेऊन मान वर करून पुढे येणारा लिबेरो ही जर्मन फुटबॉलची ओळखच झाली होती. या पद्धतीत साध्या बचावपटूला डोकं फारसं चालवावं लागत नाही. आपला माणूस सांभाळला की काम झालं. विचार करायला मागे लिबेरो आहे. अर्थात याचा दुसरा अर्थ असा, की समोरचा माणूस तुमच्याहून सरस असेल तर तुम्ही हरणारच, कारण सामना अकरा जोड्यांच्या कुस्त्यांसारखा होतो आणि बहुतेक कुस्त्यांत बलवान जिंकतो.

1995 च्या सप्टेंबरमध्ये वोल्फगांग फ्रँक माइन्झचे प्रशिक्षक झाले, तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी होता. स्वतः फ्रँक खेळायचे आघाडीवर, पण त्यांच्या डोक्यात भरलं होतं ते अरिगो साक्की यांचं मिलान. साक्की हे बुटांच्या धंद्यातून फुटबॉलमध्ये आलेले गृहस्थ. व्यावसायिक फुटबॉल कधी न खेळता त्यांनी मिलानला 1989 आणि 1990 असे सलग दोन युरोपियन चषक जिंकून दिले. उत्तम जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागत नाही, हा त्यांचा टोला प्रसिद्धच आहे. त्यांच्या मिलानमध्ये कोणी कोणाच्या मागे सावलीसारखं फिरत नसे. चार बचावपटू एका रेषेत उभे राहत, चेंडू डावीकडे गेला की अख्खी रेषा डावीकडे सरके, चेंडू मागे गेला की पुढे येई. सर्वांत मागच्या आणि सर्वांत पुढच्या खेळाडूत पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, म्हणजे समोरच्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. 1996 च्या हिवाळी सुट्टीत फ्रँक यांनी लिबेरो काढून टाकला आणि हेच माइन्झच्या तळाच्या पोरांना शिकवायला घेतलं. मैदानात खांब रोवून, चेंडूशिवाय, तासन्‌तास नुसतं सरकायचं: इकडे पाच पावलं, तिकडे पाच पावलं, मधलं अंतर तेवढंच. जोडीला मिलानच्या सामन्यांच्या व्हिडिओ टेप पुन्हा पुन्हा दाखवायच्या. हंगामाच्या उत्तरार्धात तळाचा हा संघ दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गुण मिळवून सुटला. त्याच उन्हाळ्यात जर्मनीने इंग्लंडमध्ये युरो चषक जिंकला आणि तोही लिबेरो घेऊन. मथियास झामर हा लिबेरो त्या वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे अख्खा देश जुन्या पद्धतीचा विजयोत्सव करत असताना एका कोपऱ्यातला गरीब क्लब तिला निरोप देऊन मोकळा झाला होता.

क्लॉप या बदलाबद्दल नंतर अनेकदा बोलला आहे. समोरचे खेळाडू चांगले असतील तर आपण हरायचंच, असं तोवर आम्ही धरून चाललो होतो, ते फ्रँक यांनी मोडलं, असा त्याच्या बोलण्याचा आशय. माझ्या युक्तिवादाचं मर्म इथेच आहे. माणूस वाटून घेण्याच्या पद्धतीत बचावपटूचं कौशल्य त्याच्या अंगात असतं: वेग, ताकद, उडी. ते दुसऱ्याला देता येत नाही. रेषेत उभं राहून जागा सांभाळण्याच्या पद्धतीत मात्र कौशल्य अंगातून निघून माणसामाणसांमधल्या अंतरात जाऊन बसतं. माझ्या डावीकडचा किती दूर आहे, पुढचा कधी सरकला, ऑफसाइडची रेषा कोण धरतोय, मागे मोकळी जागा किती उरली, हे सगळं सतत मोजावं लागतं, आणि मुख्य म्हणजे सतत बोलावं लागतं. बोलला नाहीत तर रेषा तुटते. राइट बॅकला हे आणखी स्पष्ट दिसतं. त्याच्या एका अंगाला मैदानाची कडा असते, त्यामुळे सगळा खेळ त्याच्या दुसऱ्या अंगाला, डोळ्यांसमोर उलगडतो. मध्यरक्षकासारखं त्याला पाठीमागचा प्रतिस्पर्धी चाचपत बसावं लागत नाही. जे ज्ञान मोजता येतं आणि शब्दांत सांगता येतं, ते शिकवता येतं. आणि ज्याला ते उपजत नव्हतं, ज्याने प्रत्येक पाऊल विचारून, चुकून, घोकून आत्मसात केलं, त्यालाच ते कोणत्या क्रमाने शिकवायचं हे ठाऊक असतं. पाढे घोकून शिकलेला मास्तर आणि आकडा पाहताच उत्तर सांगणारा मुलगा यांच्यातला हा फरक आहे. वर्ग मास्तरांनाच चालवता येतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: मग बेकनबाउरचं काय? त्याच्या हाती उपजत प्रतिभा होती, प्रशिक्षणाचा अधिकृत परवानाही नव्हता, त्यामुळे 1984 मध्ये जर्मन संघ त्याच्याकडे सोपवताना ‘प्रशिक्षक’ऐवजी ‘टीमशेफ’ असं वेगळंच पद शोधावं लागलं. तरी त्याने 1986 मध्ये संघाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि 1990 मध्ये रोममध्ये अर्जेंटिनाला 1-0 असं हरवून चषक आणला. 1974 मध्ये कर्णधार म्हणून, 1990 मध्ये सूत्रधार म्हणून. याला अपयश म्हणणं वेडेपणा ठरेल. पण बेकनबाउरने राष्ट्रीय संघ चालवला. तिथे देशातले सर्वोत्तम खेळाडू आयते मिळतात आणि काम असतं ते त्यांची मोट बांधण्याचं. त्यासाठी त्याचा दरारा पुरेसा होता. दुसऱ्या श्रेणीच्या तळाला पडलेल्या बावीस सामान्य खेळाडूंना रोज सकाळी नवं काही शिकवायचं काम त्याच्यावर कधी आलं नाही, आणि त्याच्या पद्धतीचा म्हणावा असा पंथही मागे राहिला नाही. त्याहून बोलकी तुलना झामरची. झामर आणि क्लॉप एकाच वर्षी, 1967 मध्ये जन्मले. दोघेही पुढून मागे सरकत बचावात आले, दोघांनीही प्रशिक्षक म्हणून डॉर्टमुंडला जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिलं. झामरने ते 2002 मध्ये मिळवलं तेव्हा तो 34 वर्षांचा होता आणि हा मान मिळवणारा तोवरचा सर्वांत तरुण प्रशिक्षक होता. तीन वर्षांनी श्टुटगार्टचं प्रशिक्षकपद सोडल्यावर त्याने पुन्हा प्रशिक्षकाचं काम घेतलं नाही, तो जर्मन फुटबॉल संघटनेत आणि नंतर बायर्नमध्ये व्यवस्थापनाच्या खुर्चीत रमला. त्याच्या मनात काय होतं हे सांगायचा अधिकार मला नाही. पण ज्याच्या खेळात सगळं सहज होतं त्याने मैदानाबाहेरची खुर्ची पसंत केली आणि ज्याला काहीच सहज नव्हतं तो आणखी दोन दशकं मैदानाच्या कडेला उभा राहिला, एवढं तरी दिसतं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो अधिक अवघड आहे. बचावपटू असण्याने प्रशिक्षक घडत असेल तर बॉबी मूरसारखा इंग्लंडचा विश्वविजेता कर्णधार साउथएंडसारख्या छोट्या क्लबात का अडकला? टोनी ॲडम्सने 2017 मध्ये स्पेनच्या ग्रॅनाडाची सूत्रं घेऊन सातही सामने का गमावले? उजव्या बगलेवरचाच गॅरी नेव्हिल, दूरदर्शनवर खेळाची उकल करण्यात ज्याचा हात धरणारा नाही, तो व्हॅलेन्सियात चार महिन्यांत बाहेर का पडला? आणि दुसरीकडे आन्चेलोत्ती, ग्वार्डिओला हे तर मध्यरक्षक. हे सगळं मान्य. म्हणूनच नुसतं ‘बचावपटू’ हे उत्तर पुरेसं नाही. पण आन्चेलोत्तीकडे नीट पाहा: तो साक्कींच्या मिलानच्या मधल्या फळीत खेळला आणि नंतर इटलीच्या संघात त्यांचाच साहाय्यक झाला. ग्वार्डिओला क्रॉइफच्या बार्सिलोनात घडला, जिथे जागा आणि कोन यांचा अभ्यास हाच खेळ होता. म्हणजे प्रश्न मैदानावरच्या जागेचा जितका, तितकाच जागेला ज्ञान मानणाऱ्या गुरूचा आहे. फ्रँक यांच्या माइन्झमधून क्लॉप एकटाच निघाला नाही. टॉर्स्टन लीबरक्नेश्टने ब्राउनश्वाइगला 2013 मध्ये बुंडेसलिगात नेलं, सांड्रो श्वार्झ पुढे खुद्द माइन्झचाच प्रशिक्षक झाला. दोघेही मधल्या फळीतले. एकाच छोट्या क्लबच्या ड्रेसिंग रूममधून इतके प्रशिक्षक निघतात तेव्हा तो योगायोग मानण्यापेक्षा ती शाळा मानणं मला जास्त सयुक्तिक वाटतं.

2001 च्या त्या बुधवारी क्लॉपने नवीन काहीच आणलं नाही. फ्रँक यांची पद्धत मधल्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रशिक्षकांच्या हातून विरत गेली होती, ती त्याने परत लावली. पहिल्या सातपैकी सहा सामने जिंकले आणि संघ दुसऱ्या श्रेणीत तरला. त्यानंतरची तीन वर्षं वाचताना मात्र कोणाचाही जीव कासावीस व्हावा. 2002 मध्ये शेवटच्या दिवशी बर्लिनमध्ये युनियनशी बरोबरी साधली असती तरी बुंडेसलिगात बढती होती, सामना 3-1 असा गेला. 2003 मध्ये शेवटच्या दिवशी ब्राउनश्वाइगला 4-1 हरवलं, पण तिकडे फ्रँकफर्टने शेवटच्या मिनिटांत गोलांचा सपाटा लावला आणि माइन्झची बढती एका गोलाच्या फरकाने हुकली. खेळाडू म्हणूनही 1997 मध्ये वोल्फ्सबुर्गमध्ये 5-4 अशा हारीने त्याने हाच घोट घेतला होता. अखेर 2004 मध्ये संघ वर गेला, तोही अवघ्या 54 गुणांवर, म्हणजे आदल्या दोन अपयशी वर्षांपेक्षा कमी गुण घेऊन. देव देतो तेव्हा असंही देतो. शंभर वर्षांच्या उंबरठ्यावरचा क्लब प्रथमच बुंडेसलिगात पोहोचला. त्याच सुमारास जर्मन टीव्हीवर 2005 आणि 2006 च्या स्पर्धांत क्लॉप पडद्यावर बोटाने रेघा ओढत बचावफळी कुठे तुटली ते घराघरांत समजावून सांगू लागला. लोकांना वाटलं, गडी बोलका आहे. वास्तविक राइट बॅक म्हणून खेळताना वर्षानुवर्षं तो हेच करत होता, फक्त आता त्याला माइक मिळाला होता.

डॉर्टमुंडमध्ये आणि पुढे लिव्हरपूलमध्ये त्याच्या नावाशी जोडला गेला तो ‘गेगनप्रेसिंग’ हा शब्द. चेंडू गेला की मागे न पळता पुढच्या चार-पाच सेकंदांत सगळ्यांनी मिळून त्यावर तुटून पडायचं, असा त्याचा साधा अर्थ. यामागचं तर्कशास्त्र बचावपटूचं आहे. चेंडू नुकताच हिसकावून घेतलेला खेळाडू त्या क्षणी सर्वांत कमकुवत असतो: त्याची नजर चेंडूवर, शरीर तोल सावरत आणि त्याचे सहकारी अजून विखुरलेले. बचावात आयुष्य काढलेल्या माणसाला हा क्षण नेमका माहीत असतो, कारण त्याच क्षणी चेंडू गमावून त्याने शिव्या खाल्लेल्या असतात. क्लॉपने हा क्षण स्वतःच्या गोलसमोरून उचलून प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर नेला. चांगलं गेगनप्रेसिंग हे जगातल्या कुठल्याही कलाकार मध्यरक्षकापेक्षा जास्त संधी निर्माण करतं, असं त्याचं म्हणणं. प्रेक्षकांनी त्याला आक्रमक फुटबॉलचा महर्षी ठरवलं, पण आकडे पाहा. 2010-11 मध्ये विजेत्या डॉर्टमुंडने 34 सामन्यांत फक्त 22 गोल खाल्ले, आणि त्या संघाच्या बचावाच्या मध्यभागी हुमेल्स आणि सुबोटिच ही पंचविशीच्या आतली जोडी होती. सुबोटिचला त्याने माइन्झहून सोबत आणलेलं. आठ वर्षांनी, 2018-19 मध्ये, लिव्हरपूलने 38 सामन्यांत खाल्लेले गोलही बरोबर 22. धिंगाणा वाटणाऱ्या या खेळाच्या तळाशी माइन्झच्या मैदानात रोवलेले ते खांब होते.

लिव्हरपूलमधली त्याची सर्वांत स्वतःची कल्पना मला बगलेवरच्या बचावपटूंची वाटते. फुटबॉलमध्ये राइट बॅक, लेफ्ट बॅक या जागा दुय्यम मानल्या जातात. लहानपणी कोणी राइट बॅक व्हायचं स्वप्न पाहत नाही, असं तिथे गमतीने म्हणतात. क्लॉपने आक्रमणाची किल्लीच या दोघांच्या हाती दिली. क्लबच्याच अकादमीत मध्यरक्षक म्हणून वाढलेला आणि मग मागे सरकवलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड उजवीकडे, आणि खालच्या श्रेणीत घसरलेल्या हलमधून 80 लाख पौंडांत आणलेला अँडी रॉबर्टसन डावीकडे. 2018-19 च्या हंगामात ट्रेंटच्या पासांवर 12 गोल झाले, रॉबर्टसनच्या 11. बचावपटूने एका हंगामात 12 गोलांना हातभार लावण्याचा तो इंग्लिश प्रीमियर लीगमधला विक्रम होता, आणि पुढच्याच वर्षी ट्रेंटने तो 13 वर नेला. थ्रो-इनसारख्या कोणी न विचारणाऱ्या बाबीसाठी त्याने 2018 मध्ये थॉमस ग्रोनेमार्क हा खास प्रशिक्षक नेमला, तेव्हा इंग्लंडमध्ये थट्टा झाली. पण सामन्यात सर्वाधिक थ्रो-इन घेतो कोण? बगलेवरचा बचावपटूच.

आता तिसरा आक्षेप: हे सगळं ठीक, पण पैशाचं काय? 2018 च्या जानेवारीत व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा बचावपटूसाठी जगात कोणी तेवढी रक्कम दिली नव्हती. त्याच वर्षी गोलरक्षक ॲलिसन आला, तोही भारी किमतीत. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पद्धत कितीही चांगली असो, रेषेच्या मधोमध उभा माणूस तिला पेलणारा हवा, आणि 2020-21 मध्ये व्हॅन डाइक जायबंदी झाल्यावर मध्यरक्षकांना मागे खेळवावं लागलं तेव्हा लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरलं. त्याआधी, व्हॅन डाइक धडधाकट असताना, ॲस्टन व्हिलाने 7-2 असा धुव्वा उडवला होता. पुढे सरकलेल्या रेषेच्या मागे मोकळं रान असतं, आणि पुढचे दहा जण क्षणभर जरी ढिले पडले तरी ते रान प्रतिस्पर्ध्याचं होतं. डॉर्टमुंडमध्येही 2015 च्या फेब्रुवारीत हा संघ बुंडेसलिगाच्या तळाशी दिसला होता. पद्धतीतली ही जोखीम क्लॉपने आयुष्यभर पत्करली, पूर्णपणे कधीच सोडवली नाही. व्यक्तिमत्त्वाचा मुद्दाही काढला जातो: त्याचं मोठ्याने हसणं, मिठ्या मारणं, कडेला धावत सुटणं. त्याचा उपयोग झालाच. पण नुसत्या हसण्याने 22 गोलांवर संघ रोखता येत नाही. आणि श्रेय वाटायचं तर झेल्को बुवाचला द्यायला हवं. माइन्झमध्ये क्लॉपच्या सोबत खेळलेला आणि 2001 पासून सतरा वर्षं त्याचा साहाय्यक असलेला हा अबोल माणूस सरावाची आखणी करायचा. 2018 च्या वसंतात तो वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी लिव्हरपूलने माद्रिदमध्ये टॉटनहॅमला 2-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. पद्धत एव्हाना कोणा एकाची उरली नव्हती.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे परतवू शकत नाही. जगात बेताचे बचावपटू हजारोंनी आहेत. त्यातला क्लॉप झाला एक, बाकीचे विम्याच्या कचेरीत गेले किंवा छोटं दुकान टाकून बसले. यशस्वी झालेल्याचं चरित्र मागून वाचताना प्रत्येक पायरी अटळ वाटते, आणि माझं विवेचनही त्या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही. बचावातून प्रशिक्षणाकडे जाणारी वाट आपल्याकडेही आहे: गोव्याच्या महेश गवळीने भारताच्या बचावफळीत वर्षानुवर्षं काढली आणि पुढे तो राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. 2023 च्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्यावर बंदी असल्याने कुवेतविरुद्ध कडेला तोच उभा होता, आणि भारताने तो चषक पेनल्टींवर जिंकला. पण अशा एखाद-दुसऱ्या उदाहरणाने सिद्धान्त पक्का होत नाही. सिद्धान्ताला थोडं बळ मिळतं ते माइन्झमध्येच. क्लॉप 2008 मध्ये गेल्यावर वर्षभरात क्लबला पुन्हा नव्या माणसाची गरज पडली. या खेपेलाही हायडेलने बाहेरच्या नावाजलेल्या कोणाला न आणता क्लबच्या तरुणांच्या संघाला शिकवणाऱ्या 35 वर्षांच्या माणसाला वर घेतलं. तोही बचावपटूच. उल्म या छोट्या क्लबात राल्फ रांगनिक या साक्कींच्या दुसऱ्या जर्मन चाहत्याच्या हाताखाली खेळलेला, आणि गुडघ्याच्या दुखापतीने पंचविशीतच खेळणं सोडावं लागलेला. बुंडेसलिगात त्याच्याही नावावर एक मिनिट नव्हतं. त्याचं नाव थॉमस टुखेल. 2015 मध्ये डॉर्टमुंडला क्लॉपची जागा त्यानेच घेतली आणि 2021 मध्ये चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली.